शेपटीपासून मोजलेली टाकी

शुक्रवारी रात्री साडेनऊला ऑरलँडोहून फोन आला. मराठी मंडळाच्या गणपतीत कधीतरी ओळख झालेला मुलगा. "ताई, दोन समुद्रघोडे आणलेत. अजून पिशवीतच आहेत. टाकी उद्या सकाळी घेणार आहे. रात्रभर बादलीत राहतील ना?"

त्या वेळी सांगण्यासारखे फार थोडे होते. बादली नुसत्या पाण्याने धू, साबण लावू नकोस. हवेचा छोटा पंप असेल तर लाव. त्यांना शेपटीने धरायला काहीतरी दे, स्वच्छ दोरी चालेल. त्याने सगळे केले. शनिवारी टाकी आली. काच नवी, वाळू नवी, मीठ त्याच दुपारी पाण्यात मिसळलेले. पहिला घोडा बुधवारी गेला आणि दुसरा त्यानंतरच्या रविवारी. त्या दहा दिवसांत तो दिवसाला चार-चार फोन करत होता, आणि शेवटच्या फोनवर त्याला नीट बोलता येत नव्हते. त्याने हयगय केली, असे मी कधीच म्हणणार नाही. त्याचा फक्त क्रम उलटा झाला होता. आधी जीव घरात आला आणि घर मागून आले. ज्या दुकानातून त्याने घोडे घेतले, तिथे त्याला "घरी टाकी आहे का आणि किती जुनी आहे?" एवढे दोन प्रश्नसुद्धा कुणी विचारले नव्हते.

हे छोटे पुस्तक त्या दहा दिवसांमुळे लिहिले गेले. समुद्रघोड्यांचे खाणे, आजार, पिल्ले या सगळ्यांवर पुढे प्रकरणे आहेत, पण निम्म्याहून अधिक पाने टाकीवरच खर्च झाली आहेत. दिव्याबद्दल दीड पान आणि टाकीच्या उंचीबद्दल वीस पाने, हे काय प्रमाण झाले, असे हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले. मला ते प्रमाण बरोबर वाटते. गेल्या अकरा वर्षांत मी जे घोडे गमावले, त्यातले बहुतेक टाकीच्या चुकीमुळे गमावले, आणि त्या चुका टाकी विकत घेतानाच करून ठेवलेल्या होत्या.

आपण टाकी निवडतो ती भिंतीवरून. दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी चार फूट जागा आहे, म्हणून चार फुटी टाकी. किंवा टेबलावर मावेल अशी, किंवा दुकानात सवलतीत असलेली. लांब पोहणाऱ्या माशांच्या बाबतीत हे एक वेळ निभावते, कारण टाकी जितकी लांब तितके त्यांना बरे. समुद्रघोड्याच्या बाबतीत माप घ्यायचे ते त्याच्या अंगावरून, अगदी शेपटीच्या टोकापासून.

हा मासाच आहे, हे आधी मनाशी पक्के करावे लागते. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पाठीचा कणा आहे. खवले मात्र नाहीत. कातडीखाली हाडाच्या कड्या एकीला एक जोडून चिलखत झालेले आहे. शेपटीला पर नाही. पाठीवरचा एकच लहानसा पर सेकंदाला तीसपेक्षा जास्त वेळा थरथरतो आणि त्यावर तो सरळ उभा सरकतो, जेमतेम. तोंडात दात नाहीत. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य आत ओढून घेतो, आणि गिळलेले साठवायला जठर नाही. खाल्लेले आतड्यातून भराभर पुढे जाते, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा खावे लागते. पाठलाग करून खाणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे. तो शेपटीने गवताला विळखा घालतो, एक डोळा इकडे आणि एक डोळा तिकडे फिरवत थांबतो आणि भक्ष्य तोंडाशी येण्याची वाट बघतो.

हे शरीर समोर ठेवले की टाकीचे जवळजवळ सगळे नियम त्यातून आपोआप निघतात. मी जे नियम पाठ केले होते ते विसरले. जे या शरीरातून मला उमगले ते टिकले.

उंचीची गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

माझी पहिली खरी टाकी 40 गॅलनची होती. अमेरिकेत या मापाची टाकी सर्रास मिळते: 36 इंच लांब, 18 इंच रुंद, 16 इंच उंच. "मोठी आहे, घोड्यांना भरपूर झाली," असे मला सांगण्यात आले, आणि पाण्याच्या हिशेबाने ते खोटे नव्हते. तळाशी इंचभर वाळू आणि वर इंचभर रिकामी जागा सोडली की पाण्याची खोली उरते 14 इंच, म्हणजे साधारण 35 सेंटिमीटर. त्यात हिप्पोकॅम्पस इरेक्टस जातीची एक जोडी होती. शेपटी सरळ केली तर दोघेही 15 सेंटिमीटरच्या आसपास भरले असते.

समुद्रघोड्यांची जोडी रोज सकाळी एकमेकांना भेटते. रंग उजळतात, दोघे एकाच काडीला शेपटी घालून तिच्याभोवती फिरतात. मादीची अंडी तयार झाली की हा खेळ लांबतो. मग दोघे आधार सोडतात आणि समोरासमोर, पोटाला पोट लावून पाण्यात सरळ वर चढतात. त्या चढण्यात मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते. हे सगळे काही सेकंदांत व्हावे लागते.

माझ्या टाकीत ते वर चढले आणि लगेच पाण्याच्या पृष्ठभागाला टेकले. खाली आले, पुन्हा चढले, पुन्हा टेकले. मी चहाचा कप हातात धरून उभी होते, तो तसाच गार झाला. चौथ्या-पाचव्या वेळी मादीला राहवले नसावे. अंडी सुटली, पण पिशवीचे तोंड तिथे नव्हते. मोहरीएवढी केशरी अंडी पाण्यातून सावकाश खाली आली आणि वाळूवर पसरली. नर थोडा वेळ त्यांच्यावर घुटमळला. त्या अंड्यांचे पुढे काही होत नाही. दुपारी मी ती सायफनने काढली.

आठवड्याभराने त्याच स्टँडवर 65 गॅलनची टाकी आली. तिची लांबी-रुंदी तीच, 36 बाय 18, पण उंची 24 इंच. जमिनीवरची जागा एक इंचही वाढली नाही, फक्त आठ इंच पाणी उभे वाढले. पुढच्या खेपेला ती जोडी वर चढली, मध्येच थांबली, आणि पृष्ठभागाला न टेकता दोघे संथ गिरक्या घेत खाली उतरले. तीन आठवड्यांनी नराने पिल्ले दिली.

म्हणून माझा हिशेब असा आहे: मोठ्या घोड्याची शेपटी सरळ धरून डोक्यापासून टोकापर्यंत लांबी घ्यावी आणि निदान तिच्या तिप्पट पाणी उभे असावे. काचेची उंची धरू नये, पाण्याची धरावी. 15 सेंटिमीटरच्या घोड्याला 45 सेंटिमीटर पाणी हवे, म्हणजे 18 इंची टाकी कागदावर पुरते आणि प्रत्यक्षात कमी पडते. बाजारात 29 गॅलनची टाकी 18 इंच उंच असते. तिच्याच लांबी-रुंदीची 37 गॅलनची टाकी 22 इंच असते. एका जोडीसाठी नेहमी 30 गॅलन म्हणजे साधारण 115 लिटर पाणी सांगतात, आणि पुढच्या प्रत्येक जोडीला आणखी पन्नासेक लिटर. या दोन टाक्यांमध्ये निवड करायची असेल तर मी डोळे झाकून 37 सांगेन. शेपटीखाली किंवा पिशवीत वायूचे फुगे धरण्याचा जो आजार या माशांना होतो, तो माझ्या घरी दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा त्या जुन्या उथळ टाकीत.

उंच टाकीची किंमतही मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. पाण्याचा काचेवरचा दाब लांबीवर ठरत नाही, खोलीवर ठरतो. विहिरीत बुडी मारणाऱ्याच्या कानांना हे ठाऊक असते. म्हणून उंच टाकीला जाड काच लागते आणि ती महाग पडते. 65 गॅलन म्हणजे 246 लिटर. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला 1.025 किलो धरले तर नुसते पाणीच 250 किलोंच्या वर जाते, शिवाय काच, दगड आणि स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने घर कुणा जाणकाराला दाखवल्याशिवाय एवढे वजन लाकडी तक्तपोशीवर ठेवू नये. आणि साफसफाई! 24 इंचांच्या तळाशी पोचायला माझा हात काखेपर्यंत पाण्यात जातो. बाही सुकली की तिच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून नवरा ओळखतो की आज टाकीत हात घातला होता.

एक सापळा खास सांगायला हवा. उंच टाकी हवी म्हटले की दुकानात षट्कोनी किंवा गोल नळकांड्यासारखी टाकी पुढे केली जाते. दिसते सुंदर. पण तिचा पृष्ठभाग लहान असतो, आणि पाण्यात प्राणवायू शिरतो तो प्रामुख्याने पृष्ठभागातून. शिवाय गोल काचेतून घोडा खरा केवढा आणि कुठे आहे, हेच नीट दिसत नाही. आजारी माशाचे पहिले लक्षण तो धाप टाकतोय की नाही, हे असते. ते न दिसणारी टाकी काय कामाची? उंची हवी, पण खाली बऱ्यापैकी रुंद पाया ठेवून.

आता शेपटी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मालवणला रापण ओढली की आम्ही पोरे वाळूवर धावायचो. तारली-बांगड्यांच्या चकाकत्या ढिगातून काकांनी एक बोटभर काळपट जीव उचलला आणि माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. त्याने लगेच करंगळीला विळखा घातला. एवढ्याशा शेपटीत एवढा जोर असेल, असे मला वाटले नव्हते. ती गोल नव्हती, चौकोनी होती, कडा बोटाला टोचत होत्या. "सोड त्याका पाण्यात," काका म्हणाले. मी कमरेइतक्या पाण्यात जाऊन हात बुडवला, तरी तो सोडेना. बोट सैल धरून बराच वेळ उभी राहिले, मग केव्हातरी विळखा सुटला. पुढे कळले की मलय भाषेत 'कुडा' म्हणजे घोडा, आणि आपल्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीचे शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस कुडा असेच आहे.

ती पकड मी विसरले नाही, म्हणून टाकीत पाणी भरण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो: धरायला काय आहे? आधार नसला तर घोडे एकमेकांच्या मानेला विळखा घालतात. पंपाची वायर, हिटरची नळी, जे मिळेल ते धरतात. हिटर उघडा असला तर पोटाला भाजते. पंपाच्या तोंडाला जाळी नसली तर शेपटी आत ओढली जाते. ही दोन्ही माणसाने केलेली इजा आहे आणि दोन डॉलरच्या प्लास्टिकच्या जाळीने टळते. उभे आधार द्यावेत, पेन्सिलीच्या जाडीचे, तळापासून वरपर्यंत निरनिराळ्या उंचीवर. ग्रॅसिलेरिया, कॉलर्पा ही समुद्रशेवाळे उत्तम, कारण ती पाण्यातले नायट्रेटही खातात. पंख्यासारखी गॉर्गोनिया पोवळी चालतात. प्लास्टिकच्या कृत्रिम फांद्याही चालतात, त्यात कमीपणा काही नाही. चालत नाहीत ती डंख मारणारी पोवळी आणि समुद्रफुले. घोडा एका जागी तासन्‌तास बसतो, आणि डंख लागला तरी पटकन उठून जाणे त्याला जमत नाही.

प्रवाहाबद्दल मी स्वतः मत बदलले आहे. जुनी पुस्तके सांगत की घोड्यांना जवळजवळ स्थिर पाणी द्या. त्यामागे एक खरी गोष्ट आहे: तो वाईट पोहतो. फ्लोरिडाच्या बुटक्या समुद्रघोड्यावर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की भक्ष्याजवळ जाताना तोंडापाशी पाणी जवळजवळ हलत नाही, आणि शांत पाण्यात दहापैकी नऊ वेळा त्याचा नेम लागतो. पण टाकीतले स्थिर पाणी आणि समुद्रातला शांत कोपरा यांत फरक आहे. स्थिर टाकीत उरलेले अन्न दगडामागे जाऊन बसते आणि तिथेच कुजते. गवताळ खाडीत भरती-ओहोटीचे पाणी रोज येते-जाते. घोडा गवत धरून बसतो म्हणून वाहून जात नाही. तेव्हा टाकीत पाणी फिरते ठेवावे, पण एकाच दणक्यात नको. अर्ध्या भागात बऱ्यापैकी ओढ आणि अर्ध्या भागात निवांतपणा असेल अशी मांडणी करावी, म्हणजे कुठे बसायचे ते घोड्यालाच ठरवता येते. माझ्या टाकीतला नर सकाळी ओढ असलेल्या बाजूला येऊन गॉर्गोनियाला लटकतो आणि दुपारी निवांत कोपऱ्यात जातो.

तापमानाच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकतो. उष्ण समुद्रातला मासा, मग त्याला गरम पाणी हवे, असे साधे गणित मांडले जाते. विदूषक मासा 25-26 अंशांवर सुखात राहतो, म्हणून त्याच टाकीत घोडाही सोडला जातो. इरेक्टस, रेडी, कुडा या नेहमी पाळल्या जाणाऱ्या जातींना टाकीत मात्र 21 ते 23 अंश सेल्सिअस ठेवावे. उघड्या समुद्रात पाणी अमाप असते. टाकीत तेच पाणी, त्यातच उष्टे, त्यातच विष्ठा, आणि पाणी कोमट झाले की व्हिब्रिओ जातीचे जिवाणू भराभर वाढतात. घोड्याच्या अंगावरचा एखादा पांढरा डाग दोन दिवसांत व्रण होतो. म्हणून टाकी निवडताना ती कुठल्या भिंतीला आणि कुठल्या खिडकीसमोर येणार, हे आधी ठरवावे. दुपारचे ऊन पडणारी जागा नकोच. पंप आणि दिवेही पाणी तापवतात. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात माझ्या टाकीला पाणी गार करणारा चिलर लागतो. थोडक्या फरकासाठी पाण्यावर वारा सोडणारा पंखा पुरतो, पण मग पाणी जास्त उडते. उडालेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालावी, कारण मीठ मागे राहिलेलेच असते.

दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचा मोठ्या पोटाचा समुद्रघोडा तर थंड पाण्यातला. तो 30 सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. मेलबर्नच्या आमच्या वाचकांना तो पोर्ट फिलिप उपसागरातल्या धक्क्यांखाली बुडी मारून पाहता येतो. त्याच्या अंगाचे माप घेतले तर घरात हौदच बांधावा लागेल, आणि वर चिलर वर्षभर चालू.

याउलट फ्लोरिडाचा बुटका घोडा, हिप्पोकॅम्पस झॉस्टेरी, मोठा होऊनही अडीच सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. इथे माझेच बोलणे मी उलटे करते: त्याला मोठी टाकी देऊ नये. तो फक्त जिवंत, नुकते अंड्यातून निघालेले आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खातो. ते साठ गॅलनमध्ये सोडले तर इतके विरळ होतात की तो उपाशी राहतो. त्याला पाच गॅलनची टाकी, म्हणजे वीस लिटरच्या आतले पाणी, योग्य. माप अंगावरून घ्यायचे म्हणजे काय, ते या दोन जाती शेजारी ठेवल्या की कळते.

खाण्याची प्रकरणे पुढे आहेत. इथे टाकीपुरते एवढेच की जठर नसलेल्या माशाला दिवसातून दोन-तीनदा वाढावे लागते, आणि प्रत्येक वाढणीत काहीतरी सांडते. गोठवलेले मायसिस, दिसायला आपल्या जवळ्यासारखे, मी एका शिंपल्यात ठेवते. घोडे ती जागा शिकतात आणि ठरल्या वेळी शिंपल्याभोवती जमतात. घरात शांतता असली तर प्रत्येक घासाला काचेतून बारीक 'टिक्' ऐकू येते. तो त्यांच्या कवटीच्या हाडांचा आवाज आहे. पण सांडलेले उचलायला टाकीची यंत्रणा त्या मापाची हवी. नुसत्या पाण्याच्या हिशेबाने जेवढा स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारे यंत्र, लागतो त्याहून एक माप मोठा घ्यावा, आणि जमले तर खाली दुसरी टाकी, म्हणजे संप जोडावा. हिटर, स्किमर, पंप सगळे संपमध्ये गेले की वर घोड्याला इजा होईल असे काही उरतच नाही. तळाला वाळूचा पातळ थर असावा किंवा काहीच नसावे.

सोबतीच्या माशांबद्दल फार लिहीत नाही. जो भराभर खातो आणि कुरतडतो, तो नको. दोन वेगळ्या जातींचे किंवा दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले घोडे एकत्र नकोत. एकाला सवयीचे झालेले जंतू दुसऱ्याला मारतात.

हे सगळे झाल्यावर टाकी रिकामी चालवायची. वाचकांना हे सर्वांत जड जाते. दगडांत आणि वाळूत जिवाणूंची वस्ती बसावी लागते. ते आधी अमोनियाचे नायट्राइट करतात, मग नायट्राइटचे नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, असे सलग दिसेपर्यंत घोडा आणायचा नाही. ऑरलँडोच्या त्या मुलाने दुसऱ्या वेळी टाकी दहा आठवडे रिकामी चालवली. पाहुणे विचारत, यात काय आहे? तो त्यांच्या हातात भिंग देऊन काचेवरचे कोपेपॉड दाखवायचा, खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके, सुरूसुरू पळणारे.

आता एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी, आणि ती मनापासून सांगते. पुण्याहून माझा भाचा व्हिडिओ कॉलवर टाकी बघत असतो. "मावशी, मी पण ठेवू? एकच जोडी." त्याला मी नाही म्हणाले, आणि तुम्हालाही तेच सांगते. 2001 साली भारताने समुद्रघोडे आणि त्यांचे नळीमाशांसह सगळे कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणे, विकणे, घरात ठेवणे, सुकलेला बाळगणे, सगळेच गुन्हा, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद. हे उगाच झाले नाही. पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखातातून सुकवलेले घोडे पूर्व आशियातल्या औषधबाजारात पोत्यांनी जात असत, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात ते आजही अडकतात. जगभरात त्यांच्या व्यापारावर सायटिस कराराने 2002 मध्ये नियंत्रण ठरवले आणि ते 2004 पासून लागू झाले. त्यामागे अमांडा व्हिन्सेंट आणि हेदर कोल्डवे यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट सीहॉर्स'चे काम मोठे आहे. ब्रिटनमध्येही तिथल्या दोन्ही जातींना 2008 पासून कायद्याचे संरक्षण आहे.

त्यामुळे मालवणात, रत्नागिरीत जाळ्यात घोडा आला तर त्याची टाकी समुद्रच. भारतातल्या वाचकाने हे पुस्तक वाचावे ते तो प्राणी समजून घेण्यासाठी, मत्स्यालयाच्या काचेपलीकडे काय चालले आहे ते कळावे म्हणून, आणि खाडीतले गवत त्याच्यासाठी काय आहे ते उमगावे म्हणून. जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या वाचकांनीही पैदास केंद्रात जन्मलेलेच घोडे घ्यावेत. हवाईत कोना येथे आणि टास्मानियात ब्यूटी पॉइंटला अशी केंद्रे आहेत. समुद्रातून धरलेला घोडा गोठवलेले अन्न ओळखत नाही, अंगावर परजीवी घेऊन येतो आणि बहुधा उपाशी मरतो. शिवाय तो जिथून धरला, तिथे त्याची जोडीदारीण सकाळी एकटीच त्या काडीपाशी येत असेल, हेही मला विसरता येत नाही.

पुस्तकात गॅलन म्हणजे अमेरिकन गॅलन, 3.785 लिटरचा. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही दिले आहेत. टाक्यांच्या आकृत्या माझ्या मुलीने काढल्या. स्टँडचे लाकूडकाम नवऱ्याने केले आणि चौथ्या प्रकरणातला वजनाचा हिशेबही त्याचाच. हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने दिव्यांवर आणखी अर्धे पान लिहून घेतले, ते बरे झाले.

आईचे ऋण वेगळे आहे. पहिल्या खेपेला नर गाभण राहिला तेव्हा ती मालवणहून रोज फोन करायची. आमच्या सकाळी सात वाजता, तिच्या संध्याकाळी. मी "हॅलो" म्हणायच्या आधी तिचा प्रश्न यायचा, "बाळंत झालो काय गो?" एकविसाव्या दिवशी पहाटे मी फोन टाकीसमोर धरला. नर गॉर्गोनियाला शेपटी घालून कमरेत वाकत होता, आणि प्रत्येक वाकण्याला पाच-सहा पिल्ले पिशवीतून बाहेर उडत होती, पापणीच्या केसाएवढी, जन्मतःच उभी. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्येंका धरूक कायतरी घाल गो."

टॅम्पा, फ्लोरिडा